लिनक्समध्येच लिनक्स: यूएमएल चुकतं कुठे आणि बूट कसं करायचं

युजर मोड लिनक्स, म्हणजे यूएमएल, हे चालू लिनक्सवर साध्या प्रोग्रामसारखं चालणारं दुसरं लिनक्स. बाहेरचं ते होस्ट, आतलं ते गेस्ट. ते अडलं की माणसं गेस्टच्या आत खोदत बसतात. चूक बहुतेक वेळा बाहेर, होस्टवर असते. यूएमएलचा कर्नल ही एक साधी एक्झिक्युटेबल फाइल आहे. ती चालवली की एक प्रोसेस सुरू होते, बस्स. तिची रॅम म्हणजे होस्टवरची एक फाइल, डिस्क म्हणजे दुसरी फाइल. गेस्टमधला रूट स्वतःला कितीही मालक समजला तरी होस्टच्या लेखी तो म्हणजे तुम्हीच, तुमच्याच परवानग्या घेऊन वावरणारे. केव्हीएम (प्रोसेसरच्या मदतीने व्हर्च्युअल मशीन चालवायची लिनक्सची सोय) लागत नाही, बायॉसमध्ये जाऊन काही चालू करावं लागत नाही. म्हणूनच इथल्या चुका व्हर्च्युअल मशीनसारख्या नसतात, साध्या प्रोग्रामच्या असतात: परवानगी नाही, जागा नाही, फाइल दुसऱ्याने धरून ठेवली आहे.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरं घ्या. जिथे कॅपिटल अक्षरं लागतात तिथे तसं सांगितलं आहे.

## तयारी: कर्नलला हात लावण्याआधी

होस्ट एक्स८६ असायला हवा, ३२ किंवा ६४ बिट. लॅपटॉप आर्म प्रोसेसरचा असेल तर इथे वेळ घालवू नका, क्यूएमू हा एम्युलेटर वापरा. जीसीसी, मेक, फ्लेक्स, बायसन, बीसी ही कर्नल बांधायची नेहमीची हत्यारं बसवा. मेन्यूकॉन्फिगसाठी एनकर्सेसच्या डेव्हलपमेंट फाइली हव्यात. त्याशिवाय डीबूटस्ट्रॅप (फोल्डरमध्ये डेबियन उतरवणारं) आणि यूएमएल-युटिलिटीज ही दोन पॅकेजं.

आता दोन तपासण्या. या सगळेच टाळतात, आणि नंतर गेस्ट का मेला म्हणून विचारत फिरतात.

पहिली तपासणी '/डेव्ह/एसएचएम'ची. यूएमएल आपली रॅम तिथे फाइल म्हणून ठेवतं आणि त्या फाइलमधून कोडही चालवतं. ती जागा 'नोएक्झेक' पर्यायाने माउंट केलेली असेल तर बूटच होत नाही. 'माउंट' कमांडच्या यादीत तिची ओळ वाचा, आणि 'डीएफ -एच /डेव्ह/एसएचएम'ने जागा किती आहे ते बघा. डॉकरच्या कंटेनरमध्ये ही जागा मूळ सेटिंगला फक्त ६४ एमबी असते. तिथे ५१२ एमबीचा गेस्ट उभा केला तर तो सुरू होतो, थोडा वेळ नीट चालतो आणि ६४ एमबीची हद्द ओलांडली की बस एरर देऊन कोसळतो. मधल्या काळात तुम्ही निष्पाप ड्रायव्हरवर संशय घेत असता. कंटेनर सुरू करताना 'एसएचएम-साइझ' वाढवा, नाहीतर 'टीएमपीडीआयआर' हे कॅपिटल अक्षरांतलं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मोठ्या जागेकडे वळवा.

दुसरी तपासणी पीट्रेसची. गेस्टमधल्या प्रोसेसचे सिस्टीम कॉल पकडायला यूएमएल पीट्रेस वापरत आलं आहे. '/प्रॉक/सिस/कर्नल/यामा/पीट्रेस_स्कोप' या फाइलमध्ये ० किंवा १ असेल तर चिंता नाही. २ किंवा ३ असेल तर साध्या युजरला ते जमणार नाही.

इशारा: परवानगीची अडचण आली म्हणून यूएमएल सुडोने चालवू नका. तसं केलं की गेस्टचा रूट खरोखरच होस्टचा रूट होतो. पुढे होस्टएफएसचा, म्हणजे होस्टच्या फाइली गेस्टमध्ये आणण्याचा, टप्पा आहे. तो वाचल्यावर याचा अर्थ नीट कळेल.

## टप्पा १: कर्नल बांधणे

कर्नलच्या सोर्स फोल्डरमध्ये (पुढे त्यालाच झाड म्हटलं आहे) क्रम असा:

१. मेक आर्च=यूएम डेफकॉन्फिग
२. मेक आर्च=यूएम मेन्यूकॉन्फिग
३. मेक आर्च=यूएम -जे८

'आर्च' कॅपिटल अक्षरांत, 'यूएम' लहान. हे तिन्ही वेळा लिहायचं आहे, आणि यापुढे या झाडात चालवलेल्या प्रत्येक 'मेक'ला लिहायचं आहे. एकदा विसरलात की 'मेक' समजतं, तुम्हाला होस्टसारखाच एक्स८६ कर्नल हवा आहे. मग ते शेकडो प्रश्न विचारत सुटतं किंवा गुपचूप कॉन्फिग बदलून टाकतं. तसं झालं तर डागडुजी करू नका. '.कॉन्फिग'ची प्रत बाजूला ठेवा, 'मेक आर्च=यूएम एमआरप्रॉपर' चालवा आणि पुन्हा सुरुवात करा. मी तर टर्मिनल उघडल्याबरोबर 'एक्स्पोर्ट आर्च=यूएम' करून टाकतो. मात्र त्याच टर्मिनलमध्ये नंतर होस्टचा कर्नल बांधायला बसलात तर तोही यूएमएल होईल, हे ध्यानात असू द्या.

मेन्यूकॉन्फिगमध्ये या गोष्टी चालू आहेत ना ते बघा: यूबीडी ब्लॉक डिव्हाइस (गेस्टची डिस्क), ईएक्सटी४, होस्टएफएस, एमकन्सोल (बाहेरून ताबा ठेवायला), व्हेक्टर नेटवर्क, आणि डेव्हटीएमपीएफएस आपोआप माउंट करण्याचा पर्याय. सगळ्यांसमोर 'वाय' (कर्नलमध्येच) हवं, 'एम' (वेगळं मॉड्यूल) नको. आपण इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या वेळची तात्पुरती फाइल सिस्टीम, वापरत नाही. त्यामुळे ईएक्सटी४ मॉड्यूल म्हणून बांधलं तर ते डिस्कवर राहील, आणि ती डिस्क वाचायला तेच मॉड्यूल लागेल.

तपासणी: बांधणी संपल्यावर झाडाच्या मुळाशी 'लिनक्स' नावाची फाइल दिसली पाहिजे. './लिनक्स --व्हर्जन' म्हटलं की आवृत्ती छापून ती लगेच परत येते, आणि './लिनक्स --शोकॉन्फिग' म्हटलं की कुठल्या पर्यायांनी बांधली ते सांगते. 'बीझेडइमेज' तयार झाली असेल तर 'आर्च' कुठेतरी सुटलं.

मॉड्यूल बसवायची असतील तर 'मॉड्यूल्स_इन्स्टॉल'बरोबर 'इन्स्टॉल_मॉड_पाथ' द्यायलाच हवा, आणि तो टप्पा २ मधली इमेज जिथे माउंट केली त्या जागेचा. यात माझे हात पोळलेत. होस्टवर मीच बांधलेला, नेमका त्याच आवृत्तीचा कर्नल चालू होता. मी पाथ न देता सुडोने मॉड्यूल बसवली. होस्टच्या '/लिब/मॉड्यूल्स'मधलं त्या आवृत्तीचं फोल्डर पुसलं गेलं आणि तिथे यूएमएलची मूठभर मॉड्यूल जाऊन बसली. तेव्हा काहीच जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी रीबूट केलं तर वाय-फाय गायब.

## टप्पा २: रूट फाइल सिस्टीमची इमेज

या टप्प्यात सुडो लागतो, कारण होस्टवर लूप माउंट करायचं आहे.

१. 'ट्रंकेट -एस ४जी रूट.इमेज' करून रिकामी स्पार्स फाइल (रिकामा भाग डिस्कवर जागा खात नाही अशी) बनवा.
२. 'एमकेएफएस.ईएक्सटी४ रूट.इमेज'. पार्टिशन पाडू नका, थेट फाइलवरच फाइल सिस्टीम बनवा.
३. 'माउंट -ओ लूप'ने ती '/एमएनटी'वर लावा.
४. डीबूटस्ट्रॅपने '/एमएनटी'मध्ये डेबियन उतरवा.
५. 'सीएचरूट /एमएनटी' करून आत जा आणि 'पासडब्ल्यूडी'ने रूटचा पासवर्ड ठेवा.
६. आत असतानाच 'सिस्टीमसीटीएल एनेबल गेटी@टीटीवाय०' चालवा.
७. '/ईटीसी/एफएसटॅब'मध्ये '/डेव्ह/यूबीडीए' मुळावर, ईएक्सटी४ म्हणून, अशी ओळ लिहा.
८. बाहेर या, 'अमाउंट' करा.
९. फाइल सुडोने बनवली असेल तर 'सीएचओन'ने स्वतःच्या नावावर करा.

पाचवी आणि आठवी पायरी सर्वांत जास्त सुटते. पासवर्ड ठेवला नाही तर गेस्ट सुरेख बूट होतो, लॉगिन विचारतो आणि तुम्ही दारात उभे. 'अमाउंट' विसरणं त्याहून वाईट: एकच ईएक्सटी४ एकाच वेळी दोन कर्नल लिहायला लागले की ती फाइल सिस्टीम बिघडणार म्हणजे बिघडणारच. होस्टवरून इमेजच्या आत डोकावायचं असेल तर आधी गेस्ट बंद करा.

डीबूटस्ट्रॅपला आर्किटेक्चर सांगितलंत तर ते कर्नलशी जुळणारं सांगा. ६४ बिट यूएमएल कर्नलवर ३२ बिट प्रोग्राम चालत नाहीत. तशा इमेजवर इनिट, म्हणजे कर्नल सुरू करतो तो पहिला प्रोग्राम, अपयशी ठरतो आणि एरर -८ छापला जातो. -२ दिसला तर अर्थ वेगळा: तुम्ही सांगितलेली इनिटची फाइल, किंवा तिला लागणारा लोडर, त्या जागी नाही.

कुठून तरी उतरवलेली क्यूकाऊ२ (क्यूएमूच्या फॉरमॅटची) इमेज यूबीडीला कळत नाही. 'क्यूएमू-आयएमजी कन्व्हर्ट'ने ती रॉ करून घ्या. तिच्यात पार्टिशनं असतील तर रूट 'यूबीडीए' नसून बहुधा 'यूबीडीए१' असेल.

तपासणी: 'अमाउंट'नंतर 'ई२एफएससीके -एफ रूट.इमेज' कुठलीही तक्रार न करता संपलं पाहिजे.

## टप्पा ३: पहिलं बूट, फक्त शेलपर्यंत

पहिल्याच फेरीत पूर्ण सिस्टीमडी (डेबियनचा नेहमीचा इनिट) उठवायचा हट्ट नको. आधी नुसता शेल मिळवा:

./लिनक्स मेम=५१२एम यूबीडी०=रूट.इमेज रूट=/डेव्ह/यूबीडीए आरडब्ल्यू इनिट=/बिन/एसएच कॉन=नल कॉन०=एफडी:०,एफडी:१ यूएमआयडी=पहिला

'मेम'च्या आकड्यामागचा 'एम' सोडू नका. नुसतं ५१२ लिहिलं तर त्याचा अर्थ ५१२ बाइट. 'कॉन०=एफडी:०,एफडी:१' म्हणजे गेस्टचा पहिला कन्सोल याच टर्मिनलच्या इनपुट-आउटपुटला जोडा. 'कॉन=नल' म्हणजे बाकीचे कन्सोल बंद ठेवा. हे दिलं नाही तर यूएमएल त्यांच्यासाठी एक्सटर्मच्या खिडक्या उघडू पाहतं. एसएसएचवरून काम करत असाल तर त्यातून नुसत्या एररच हाती येतात. दुसरा कन्सोल खरंच हवा असेल तर 'कॉन१=पीटीएस' द्या. बूट होताना कोणतं '/डेव्ह/पीटीएस' मिळालं ते छापलं जातं, त्याला दुसऱ्या टर्मिनलमधून 'स्क्रीन'ने जोडून घ्या.

सुरुवातीला 'चेकिंग' शब्दाने सुरू होणाऱ्या काही ओळी येतात: पीट्रेस, '/डेव्ह/एसएचएम', तिथून कोड चालवता येतो का. या ओळी गेस्टच्या नाहीत, होस्टच्या तपासणीच्या आहेत. इथे अडलात तर तयारीच्या भागाकडे परत जा. इमेजचा यात काही दोष नाही.

पुढे गेलात आणि रूट माउंट होत नाही म्हणून कर्नल पॅनिक झाला, तर त्या ओळीच्या शेवटचे कंसातले दोन आकडे वाचा. सगळं निदान त्यातच आहे:

- ९८,०: यूबीडीचा मेजर क्रमांक ९८. म्हणजे डिस्क सापडली, पण तिच्यावरची फाइल सिस्टीम ओळखता आली नाही. ईएक्सटी४ 'एम' राहिलं असेल, इमेजमध्ये पार्टिशन टेबल असेल, किंवा ती क्यूकाऊ२ असेल.
- ०,०: तुम्ही सांगितलेलं रूट डिव्हाइसच सापडलं नाही. 'यूबीडी०=' नंतरचा पाथ चुकला, 'रूट=' मध्ये टायपो आहे, किंवा यूबीडी ड्रायव्हर बांधलाच नाही. फाइल उघडता न आल्याची तक्रार थोडी वर छापलेली असते, ती शोधा.

त्या तक्रारीत 'फाइल ऑलरेडी लॉक्ड' असं असेल तर इमेज दुसऱ्या यूएमएलने कुलूपबंद करून ठेवली आहे. बहुतेक वेळा तो तुमचाच मागच्या फेरीतला, न मेलेला गेस्ट असतो.

शेल मिळाला की 'एक्झिट' करू नका. शेल हाच इनिट आहे, तो संपला की कर्नल पॅनिक होतो, आणि नवखा माणूस तो बग समजून तासभर शोधत बसतो. 'सिंक' करा आणि 'पॉवरऑफ -एफ -एफ' म्हणा. दोन्ही 'एफ' हवेत: एकच दिला तर ती कमांड सिस्टीमडीला निरोप द्यायला जाते, आणि सिस्टीमडी इथे नाहीच.

एवढं जमलं की 'इनिट=' काढून पूर्ण बूट करा.

टीप: गेस्ट अर्ध्यात मेला तर टर्मिनल बिघडलेलं राहतं, टाइप केलेलं दिसत नाही. न बघता 'रीसेट' लिहून एंटर दाबा.

## टप्पा ४: बाहेरून ताबा

'यूएमआयडी' दिल्याचा फायदा इथे आहे. होम फोल्डरमधल्या '.यूएमएल/पहिला' या फोल्डरमध्ये पीआयडी आणि एमकन्सोलचं सॉकेट असतं. दुसऱ्या टर्मिनलमधून 'यूएमएल_एमकन्सोल पहिला कॅड' म्हटलं की गेस्टला कंट्रोल-ऑल्ट-डिलीट पोचतं आणि तो आवरून घेतो. 'हॉल्ट' म्हटलं तर जागच्या जागी थांबतो. 'स्टॉप' आणि 'गो'ने त्याला गोठवता आणि सोडता येतं. 'किल -९' शेवटचा उपाय. तोही एमकन्सोल गप्प असेल तेव्हाच.

## टप्पा ५: मूळ इमेज जपणे

गेस्ट रोज मोडणार, कारण तुम्ही कर्नल बदलत आहात. दर वेळी डीबूटस्ट्रॅप करण्यापेक्षा काऊ फाइल वापरा: 'यूबीडी०=काम.काऊ,रूट.इमेज'. स्वल्पविरामाच्या आधी नवी फाइल, नंतर मूळ इमेज. हा क्रम उलटा करू नका. लिहिलेलं सगळं 'काम.काऊ'मध्ये जातं आणि मूळ इमेज फक्त वाचली जाते. गेस्ट बिघडला की काऊ फाइल पुसा, पुढच्या बूटला कोरा गेस्ट तयार. एकाच मूळ इमेजवर पाच गेस्ट चालवायचे तर प्रत्येकाला वेगळी काऊ फाइल आणि वेगळी यूएमआयडी.

आता यातला खड्डा. काऊ फाइल आपल्या हेडरमध्ये मूळ इमेजचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ लिहून ठेवते. मूळ इमेज नंतर कोणी 'फक्त एक फाइल बघायला' म्हणून होस्टवर माउंट केली की ती वेळ बदलते. पुढच्या बूटला 'एमटाइम मिसमॅच' अशी ओळ आणि दोन आकडे समोर येतात, डिस्क काही उघडत नाही. ही कटकट नाही, उपकार आहे. काऊमध्ये फक्त बदललेले ब्लॉक असतात. त्यांच्याखालची मूळ इमेज सरकली तर दोन्ही मिळून निव्वळ कचरा उरतो.

म्हणून इमेज तयार झाली की लगेच 'सीएचमॉड ए-डब्ल्यू रूट.इमेज' करून टाका. दुसरीकडे हलवताना 'सीपी -पी' वापरा म्हणजे वेळ टिकेल, आणि '--स्पार्स=ऑल्वेज' जोडा, म्हणजे मधल्या रिकाम्या जागेने डिस्क खाल्ली जाणार नाही. 'एलएस -एल' आणि 'डीयू -एच' यांचे आकडे शेजारी ठेवून बघा: पहिला ४ जीबी म्हणेल, दुसरा त्याहून बराच कमी. दोन्ही सारखे झाले तर कॉपी करताना छिद्रं बुजली.

काऊमधले बदल मुळात कायमचे मिसळायचे असतील तर 'यूएमएल_मू' आहे. ते चालवण्याआधी त्या इमेजवरचे सगळे गेस्ट बंद करा. मिसळल्यावर त्याच इमेजवरच्या इतर काऊ फाइली बाद झाल्या असं समजा.

## टप्पा ६: होस्टच्या फाइली आत आणणे

गेस्टमध्ये 'माउंट -टी होस्टएफएस नन /एमएनटी -ओ /होम/मी/शेअर' म्हटलं की होस्टचं ते फोल्डर आत दिसतं. मॉड्यूल बांधून लगेच चाचणी घ्यायला याच्याइतकं सोयीचं काही नाही.

एक शॉर्टकट बराच पसरला आहे: इमेज न बनवता 'रूटएफएसटाइप=होस्टएफएस', 'रूटफ्लॅग्ज=/' आणि 'आरडब्ल्यू' देऊन होस्टची फाइल सिस्टीमच गेस्टचं मूळ म्हणून वापरायची. दोन मिनिटांत बूट होतं, मान्य. पण गेस्टमधल्या रूटने 'आरएम' चालवलं तर होस्टचा कर्नल फक्त एवढंच विचारतो, की ही फाइल कोणाची? सिस्टीमच्या फाइली वाचतात. तुमचं होम फोल्डर तुमचंच असल्यामुळे वाचत नाही.

इशारा: हा प्रकार करायचाच असेल तर 'आरडब्ल्यू'ऐवजी 'आरओ' द्या. एरवी कमांड लाइनवर 'होस्टएफएस=' देऊन गेस्टला एकाच फोल्डरपुरतं बांधून टाका.

डीबूटस्ट्रॅप केलेलं फोल्डरच होस्टएफएसने मूळ म्हणून दिलं तर लॉगिन होत नाही, अशीही एक नेहमीची तक्रार. कारण तेच. '/ईटीसी/शॅडो' होस्टच्या रूटच्या मालकीची आहे, तुमची प्रोसेस ती वाचू शकत नाही. 'सीएचओन'ही चालत नाही, म्हणून पॅकेजं बसवतानाही तक्रारी येतात. नेहमीच्या कामाला इमेजच बरी.

## टप्पा ७: नेटवर्क

टॅप डिव्हाइस (होस्टवरचं आभासी नेटवर्क कार्ड) यूएमएलच्या आधी तयार पाहिजे आणि तुमच्या मालकीचं पाहिजे.

१. सुडो आयपी ट्यूनटॅप ॲड डेव्ह टॅप० मोड टॅप युजर, आणि पुढे तुमचं युजरनेम
२. त्याला १९२.१६८.१००.१/२४ पत्ता द्या आणि 'अप' करा
३. यूएमएलच्या कमांड लाइनवर 'व्हेक०:ट्रान्सपोर्ट=टॅप,आयएफनेम=टॅप०' जोडा
४. गेस्टमध्ये 'व्हेक०'ला १९२.१६८.१००.२/२४ द्या, 'अप' करा आणि डीफॉल्ट रूट १९२.१६८.१००.१ करा

गेस्टमध्ये 'ईटीएच०' शोधत बसू नका, व्हेक्टर ड्रायव्हरचं डिव्हाइस 'व्हेक०' नावाने येतं. 'ईटीएच०=ट्यूनटॅप' असं सांगणारे जुने लेख नव्या कर्नलला लागू नाहीत, ते ट्रान्सपोर्ट काढून टाकले आहेत.

बाहेरचं जग हवं तर होस्टवर आयपी फॉरवर्डिंग आणि मास्करेड (गेस्टची पॅकेटं होस्टच्या पत्त्यावरून बाहेर पाठवणं), दोन्ही लागतात. पिंग करतानाही क्रम ठेवा: आधी १९२.१६८.१००.१, मग बाहेरचा एखादा आयपी, मग नाव. पहिलं अडलं तर टॅप, दुसरं अडलं तर मास्करेड, तिसरं अडलं तर गेस्टची 'रिझॉल्व्ह.कॉन्फ'.

## टप्पा ८: जीडीबी लावणे

जीडीबी हा डीबगर. बहुतेकांना यूएमएल हवं असतं ते यासाठी. कर्नल डीबग इन्फोसह बांधा आणि 'जीडीबी ./लिनक्स' म्हणा. 'रन' म्हणण्याआधी ही ओळ द्यायला विसरू नका:

हँडल सिगसेगव्ही पास नोस्टॉप नोप्रिंट

यातला 'सिगसेगव्ही' कॅपिटलमध्ये. यूएमएलच्या दृष्टीने सेगमेंटेशन फॉल्ट म्हणजे गेस्टचा पेज फॉल्ट, तो सारखा येणारच. ही ओळ नसेल तर जीडीबी दर फॉल्टला थांबतो आणि कर्नल बूट होतानाच कोसळतोय असं वाटतं.

मग 'ब्रेक स्टार्ट_कर्नल', आणि 'रन'च्या पुढे टप्पा ३ मधले सगळे पॅरामीटर तसेच. ब्रेकपॉइंटवर थांबला की 'बीटी' करा. खालच्या फ्रेम यूएमएलच्या स्वतःच्या सुरुवातीच्या कोडच्या दिसतील. तिथून 'नेक्स्ट' दाबत गेलात की कर्नलच्या बूटची एकेक ओळ साध्या सी प्रोग्रामसारखी पुढे सरकते.